शाळेचं संगीत नाटक बसवताय? आधी एक वही घ्या

यंदा गॅदरिंगला नुसते रेकॉर्ड डान्स नकोत, एक नीट संगीत नाटक होऊ दे, असं मीटिंगमध्ये ठरलं आणि सगळ्यांनी वळून तुमच्याकडे बघितलं, असं झालं असेल तर हे तुमच्यासाठी लिहितेय. अभिनय कसा शिकवायचा, सूर कसा लावायचा हे यात नाही, त्याला जाणकार लोक आहेत आणि नाशिकमध्ये ते शोधावे लागत नाहीत, शिरवाडकर-कानेटकरांचं गाव आहे, दर तिसऱ्या सोसायटीत कोणीतरी राज्य नाट्य स्पर्धेत काम केलेलं निघतं. मी सांगतेय ते चाळीस-पन्नास पोरं आणि दहा-बारा मोठी माणसं चार-पाच महिने एकमेकांना धरून कशी ठेवायची याबद्दल. आणि आभाराबद्दल, ती वही त्यासाठीच. आभार म्हटलं की आपल्याला शेवटचं भाषण आठवतं, ज्याच्यात अर्धं पब्लिक पार्किंगकडे निघालेलं असतं. माझ्या मते तिथेच चुकतं. आभार हे काम आहे, लाइट आणि साउंडइतकंच काम, ते पहिल्या तालमीपासून कोणाकडे तरी सोपवलेलं पाहिजे, नाहीतर ते होतच नाही.

पहिल्यांदा तारीख, मग बाकी सगळं

गॅदरिंग डिसेंबर-जानेवारीत असतं, दहावीची मुलं तोवर प्रिलिमच्या टेन्शनमध्ये असतात, म्हणून मुख्य भूमिका आठवी-नववीतच द्या. दहावीच्या एखाद्या पोराला फारच हौस असेल तर एका गाण्याचं काम द्या, तालमीला रोज नाही आला तरी चालेल असं.

जुलैमध्ये कॅलेंडर घेऊन बसा आणि मागे मागे मोजत या. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निम्मी मोठी मुलं ढोल पथकाच्या सरावाला जातात, हे धरूनच चला, त्यांना ओरडून उपयोग नाही, उलट त्यातल्या दोन-तीन जणांना नाटकात ताल धरायला घ्या, हात तयार असतो. मग नवरात्र, कालिका मातेची यात्रा, मग सहामाही, मग दिवाळीची सुट्टी. म्हणजे खरी तालीम दिवाळीनंतरच रंगात येते. पाच नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन, १८४३ साली त्या दिवशी सांगलीत विष्णुदास भाव्यांचं नाटक झालं म्हणून, तर सुट्टी संपलेली असेल तर त्याच दिवशी पुस्तक खाली ठेवून पहिली सलग तालीम घ्या. मुलांना तारीख मिळाली की पाठांतर होतं, "लवकरात लवकर पाठ करा" म्हटलं की होत नाही.

ज्यांचे पालक दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडे द्राक्षाचं करतात त्यांच्या घरी ऑक्टोबरची छाटणी झाली की पुढे श्वास घ्यायला वेळ नसतो. सातपूर-अंबडला कंपनीत असलेल्यांच्या शिफ्ट बदलत असतात. त्यामुळे पालकांकडून मदत मागायची तर जुलै-ऑगस्टमध्येच विचारून ठेवा, कोण कधी मोकळं आहे. हे विचारणं पण एक प्रकारचा मान असतो बरं का, आयत्या वेळी "उद्या पाच जण पाठवा" असा मेसेज टाकणं म्हणजे समोरच्याला गृहीत धरणं.

हॉलचं सांगायचं तर कालिदास कलामंदिर महापालिकेचं, परशुराम साईखेडकर (प. सा.) नाट्यगृह सार्वजनिक वाचनालयाचं, आणि डिसेंबरच्या तारखांवर गावातल्या सगळ्या शाळांचा डोळा असतो, त्यामुळे ज्या दिवशी तारीख ठरेल त्याच दिवशी अर्ज. भाड्यात काय काय येतं ते लिहून घ्या, एसी, लाइट, माईक, सेट लावायला आधी मिळणारा वेळ, जादा तासाचं काय, डिपॉझिट कधी परत. शाळेच्या ग्राउंडवर मंडप टाकून करणार असाल तर खर्च वाचतो पण दोन गोष्टी, एक म्हणजे रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद, आणि दुसरं म्हणजे आपल्याकडची डिसेंबरची थंडी. दंव पडायला लागलं की तबल्याची शाई आणि पुडी दमट होते, स्वर उतरतो, आणि पोरांचे गळे बसतात ते वेगळंच. उघड्यावर असेल तर साडेपाच-सहालाच सुरू करा.

गोष्ट आणि गाणी

पाऊण तास ते एक तास. पाच किंवा सहा गाणी. बस. त्याच्यापुढे गेलात की मुलं दमतात आणि पालकांचं लक्ष स्वतःचं लेकरू स्टेजवर असेपर्यंतच टिकतं.

स्क्रिप्ट शक्यतो स्वतः लिहा, मराठीच्या बाई किंवा सर आणि चार मुलं मिळून. गोष्ट जवळचीच घ्या, गोदाकाठचा बाजार घ्या, शाळेतलीच एखादी भानगड घ्या. तयार नाटक घ्यायचं असेल तर हक्कांचं बघा. आपल्याकडे लेखक गेल्यानंतर साठ वर्षं कॉपीराइट राहतो, म्हणजे किर्लोस्कर, देवल, गडकरी, खाडिलकर हे मोकळे, पण शिरवाडकर आणि कानेटकर आपल्या गावचे असले तरी त्यांचं लिखाण अजून हक्कात आहे. शाळेच्याच मुलांनी-शिक्षकांनी शाळेच्या कार्यक्रमात, शाळेच्याच पालकांसमोर केलं तर १९५७ च्या कायद्यात सूट आहे, पण तिकीट लावलं किंवा अख्खं रेकॉर्डिंग यूट्यूबवर टाकलं की मामला बदलतो. सिनेमाच्या गाण्यावर शब्द बदलून बसवायचा मोह होतो, त्यापेक्षा संगीताच्या सरांकडून दोन साध्या चाली करून घ्या, केरवा नाहीतर दादरा तालात, पोरं दोन दिवसांत उचलतात.

एक गोष्ट नवीन लोकांच्या लक्षात येत नाही. आठवी-नववीत मुलांचे आवाज फुटतात. जुलैमध्ये काळी चारमध्ये (म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी 'सा' धरून) मोकळा गाणारा मुलगा नोव्हेंबरमध्ये त्याच पट्टीत खरखरतो आणि त्याला स्वतःचीच लाज वाटायला लागते. म्हणून प्रत्येक गाण्यासमोर पट्टी लिहून ठेवा, दिवाळीनंतर सगळ्यांची परत तपासा, आणि गरज पडली तर पट्टी उतरवा, मुलगा बदलू नका. रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर गाणार असाल तर ही सोय राहत नाही, पट्टी बदलायची म्हणजे परत स्टुडिओ, म्हणूनच मी पेटी-तबला लाइव्ह याच्या बाजूने आहे. शिवाय वाजवणारी दोन-चार पोरं त्यात सामावली जातात ती जातातच.

अजून एक, आपल्या संगीत नाटकात नांदी असते, म्हणजे सुरुवातीचं स्तवनगीत, ती वगळू नका. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' आणलं तेव्हापासून संगीत नाटकाचा पडदा उघडला की आधी नांदी. शाळेत तिचा उपयोग असा करा की नांदीला सगळी टीम स्टेजवर, म्हणजे सगळी, लाइटवर बसणारा, पडदा ओढणारा, कपडे सांभाळणाऱ्या मुली, सगळे युनिफॉर्मवर उभे राहून गातात आणि मग आपापल्या जागी पळतात. दीड मिनिटाचं काम आहे, पण जी मुलं पुढचा तासभर अंधारात राहणार त्यांच्या आई-बाबांना ती एकदा उजेडात दिसतात.

कामं वाटताना

ऑडिशनला जेवढे येतील तेवढ्यांना काम द्या, नाही म्हणू नका, पण "तुला नंतर काहीतरी देऊ" हे पण म्हणू नका, त्या दिवशीच सांगा काय ते. नेपथ्य, प्रॉपर्टी (म्हणजे स्टेजवर लागणाऱ्या वस्तू), वेशभूषा, रंगभूषेला मदत, प्रॉम्प्टिंग, पडदा, लाइटचे क्यू (कधी बदलायचा त्याची खूण) सांगणारा, माईक बदलणारा, पोस्टर आणि पत्रिका, हॉलमध्ये पालकांना बसवणारे, एवढं सगळं आहे. प्रत्येक कामाला दोन जण, एक मुख्य एक जोडीदार, आणि भिंतीवर तक्ता. तक्त्यावर नायक-नायिकेचं नाव वर आणि बाकीचे खाली असं करू नका, कामाच्या क्रमाने लावा, पडदा आधी उघडतो ना, मग पडदेवाला आधी.

बॅकस्टेजवाल्यांना शेवटच्या आठवड्यात बोलावणं ही जवळजवळ सगळ्या शाळांची सवय असते. त्याने दोन टोळ्या होतात, एक नाटकवाल्यांची, एक हमालांची, आणि हमाल हा शब्द पोरंच वापरतात, मी नाही. तर हालचाली बसवायला लागलात की प्रॉपर्टीवाली मुलं तिथे पाहिजेत, खोटी का होईना वस्तू हातात देत-घेत. आणि महिन्यातून एक दिवस अदलाबदल करा, म्हणजे राजाने पडदा ओढायचा आणि प्रॉम्प्टरने राजाचे संवाद म्हणायचे. धमाल येते, वेळ थोडा वाया जातो, पण त्याच दिवशी राजाला कळतं की आपण एक्झिटला दोन सेकंद उशीर केला की पडदेवाल्याचे हात किती भरून येतात.

मुख्य भूमिकेला पर्यायी मुलगा किंवा मुलगी तयार ठेवाल, ठेवायलाच पाहिजे, डिसेंबरात ताप येतोच. पण त्या पर्यायीला एक अख्खी तालीम प्रेक्षकांसमोर द्या, सहावी-सातवीचे वर्ग बोलावून. नुसतं बसवून ठेवलेल्या पोराचे तुम्ही आभार कसे मानणार, कशाबद्दल मानणार?

आता ती वही

शंभर पानी, साधी. एक नववीची मुलगी आणि एक आठवीचा मुलगा असे दोघं जण तिचे मालक, शिक्षक नाहीत. तिच्यात दोन भाग करायचे.

मागच्या बाजूने उधारीचं खातं. कोणाकडून काय आणलं, कोणत्या तारखेला, कशा अवस्थेत, परत कधी. खुर्ची, समई, आजोबांची काठी, जुना रेडिओ, शेजारच्या शाळेचा ढोलक, सगळं. फोटो काढून ग्रुपवर टाकला तरी वहीत लिहायचंच, ग्रुपवरचं वर सरकून जातं.

पुढच्या बाजूने कामाची नोंद. तालीम संपली की शेवटची पाच मिनिटं सगळे गोल बसतात आणि ज्याला वाटेल तो सांगतो, आज कोणामुळे काय सोपं झालं. नियम तीन ठेवा. माणसाचं नाव पाहिजे. काम पाहिजे, "छान केलंस" चालत नाही, "दुसऱ्या गाण्यात मी अंतरा विसरले तेव्हा तिने पेटीवर परत एकदा ओळ फिरवली, मला आठवलं" हे चालतं. आणि स्वतःच्या बेस्ट फ्रेंडचं नाव लागोपाठ दोनदा घ्यायचं नाही. पहिले काही दिवस पोरं खिदळतात, एकमेकांना "थॅंक्यू भो" करून चिडवतात, ते चालू द्या, दोन आठवड्यांत खरं बोलायला लागतात. तुम्ही पण सांगायचं, मोठ्यांनी नुसतं ऐकत बसायचं नाही.

याचा मोठा फायदा म्हणजे वही चाळली की कोणाचं नाव आलेलंच नाही ते दिसतं. अशी चार-पाच मुलं दर वेळी निघतात. एकतर ती काही करत नाहीयेत, मग त्यांना नेमकं काम द्या, किंवा ती इतकं गुपचूप करतायत की कोणाच्या लक्षात येत नाही, आणि हेच जास्त वेळा असतं. खडूने स्टेजवर जागा आखणारी मुलगी, तालमीनंतर बेंच लावणारा मुलगा. दुसऱ्या दिवशी मुद्दाम पाच मिनिटं त्या कामाशिवाय तालीम सुरू करून बघा, खुणा न आखता. पोरं एकमेकांवर आदळतात आणि नाव आपोआप वहीत येतं.

भांडणाला पण ही वही कामाला येते. नोव्हेंबरच्या शेवटी भांडण होणारच, कोणाचा तरी सीन कापला जातो, कोणाला तरी मागच्या रांगेत टाकलं जातं. तेव्हा लेक्चर देऊ नका, दोघांनी एकमेकांबद्दल सप्टेंबरमध्ये काय सांगितलं होतं ते पान त्यांच्याच हातात द्या आणि बाजूला व्हा. दर वेळी जमतंच असं नाही, पण बोलणं परत सुरू होतं.

मोठी माणसं, जी कोणाच्या यादीत नसतात

शिपाई मामा, मावशी, वॉचमन काका, व्हॅनवाले काका. तालीम साडेपाचची साडेसहा झाली की मामांना कुलूप लावायला थांबावं लागतं, मावशींना झाडून झालेला हॉल परत झाडावा लागतो आणि व्हॅनवाल्या काकांच्या पुढच्या फेरीचं गणित बिघडतं. त्यांच्यासाठी खरे आभार म्हणजे वेळापत्रक. दर शनिवारी पुढच्या आठवड्याच्या तालमीच्या वेळा त्यांना कागदावर द्या आणि त्या पाळा. हॉल मुलांनी झाडून द्यायचा, रोज, त्यासाठी पण पाळी. शाल-श्रीफळ नंतर द्या हवं तर.

लाइटवाले आणि साउंडवाले हे भाड्याने येणारे लोक, लगीनसराईत त्यांना एका दिवसात दोन-दोन कार्यक्रम असतात. त्यांना आठवडाभर आधी क्यू शीट पोचली पाहिजे, कोणत्या वाक्याला कोणता लाइट, कोणत्या गाण्याला किती माईक, कॉलर माईक कोणाकडून कोणाकडे जाणार. टेक्निकलच्या, म्हणजे लाइट-साउंडसकट तालमीच्या दिवशी साउंडवाल्या दादांना दहा मिनिटं द्या आणि मुलांना मिक्सर दाखवायला सांगा. एरवी त्यांना कोणी काही विचारत नाही, "आवाज येत नाहीये" एवढंच ऐकतात बिचारे. ज्या दादाने पोरांना मिक्सर दाखवलाय तो प्रयोगात फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या पट्ट्या) सोडून चहाला जात नाही, हे माझं निरीक्षण.

कपडे

कापड मेन रोड, भद्रकालीकडे मिळून जातं, राजा-सैनिकांचे कपडे भाड्याने. नऊवारी आज्यांकडून येतात, हौसेने देतात. पण येवल्याची पैठणी कोणी कितीही प्रेमाने देऊ केली तरी घेऊ नका, मेकअपचा रंग काठाला लागला तर तुम्ही तोंड दाखवू शकणार नाही. प्रत्येक कपड्याला आतून नावाची पट्टी टाचा, सेफ्टी पिन भरपूर ठेवा.

प्रयोगाचा दिवस

रंगीत तालीम दोन दिवस आधी, आदल्या दिवशी नको, आदल्या दिवशी आराम. सकाळी पोहे-उपमा द्या, मिसळीचा बेत प्रयोगानंतर, तर्री पिऊन गळा लागत नाही. कोमट पाण्याचा थर्मास विंगेत. नटराज पूजनाला नारळ फोडायचा मान दर वर्षी अध्यक्षांना जातो, एखाद वर्षी मावशींना द्या की. विचारून बघा, अध्यक्ष नाही म्हणत नाहीत.

तिसरी घंटा झाली की विंगेत एकच नियम: पडदा पडेपर्यंत कोणाची चूक काढायची नाही. माईक बंद पडला, दाढी निघाली, एक अख्खं कडवं गाळलं गेलं, तरी जो बाहेर येईल त्याला पाणी द्यायचं आणि पुढचा एंट्रीचा क्यू सांगायचा. मोठ्यांनी हे जास्त पाळायचं, कारण विंगेत आरडाओरडा बहुतेक वेळा आपणच करतो.

स्टेजवरचे आभार

पाहुण्यांचा सत्कार नाटकाच्या आधी ठेवू नका. मेकअप करून, दाढ्या लावून पोरं विंगेत उभी आणि बाहेर परिचय चाललाय, अर्धा तास, पाऊण तास, सगळी तयारी घामात जाते. सत्कार बक्षीस समारंभात घ्या. मुख्याध्यापकांशी हे ऑगस्टमध्येच बोलून घ्या, आयत्या वेळी त्यांच्या हातात काही नसतं.

पडदा पडल्यावर नमस्काराला आधी बॅकस्टेज बोलवा, मग वाद्यं वाजवणारी मुलं, मग समूह, शेवटी मुख्य भूमिका. आभाराचं भाषण तीन मिनिटं, आणि ते वहीच्या दोन मालकांनी करायचं, वाचून. वहीतली सातच वाक्यं निवडा, मामांचं एक, साउंडवाल्या दादांचं एक, पालकांचं एक, उरलेली मुलांची. ज्ञात-अज्ञात सर्व, प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष सहकार्य वगैरे काही नको, ते ऐकून एकालाही आपल्याबद्दल बोललंय असं वाटत नाही. बाकीची सगळी नावं पत्रिकेत छापा, आणि छापायला देण्याआधी प्रत्येक मुलाला स्वतःचं नाव तपासायला लावा, नावात चूक झाली तर ते आभार न मानण्यापेक्षा वाईट. देणगीदारांची नावं वेगळ्या चौकटीत, काम करणाऱ्यांच्यात मिसळू नका.

दुसऱ्या दिवसापासून

सेट उतरवायला सगळे, नायिका सुद्धा, घरी पाहुणे आलेत वगैरे सबब नाही. उधारीचं पान उघडा आणि आठ दिवसांत सगळं परत. कपडे धुऊन इस्त्री करून, समई घासून, खुर्चीचा पाय हलत असेल तर दुरुस्त करून. मुलांनाच घेऊन जायला सांगा, बरोबर हाताने लिहिलेलं चार ओळींचं पत्र, "तुमची काठी दुसऱ्या अंकात होती, तीच आपटून आजोबा सगळ्यांना गप्प करतात" असं काहीतरी. ज्या आजोबांची काठी आहे ते पुढच्या वर्षी मागायच्या आधीच वस्तू काढून देतील. व्हिडिओ व्हॅनवाल्या काकांना आणि मावशींना पण पाठवा, पालकांच्या ग्रुपमध्ये ते नसतात. हिशोब, किती जमा किती खर्च, एक पान करून स्टाफरूममध्ये आणि पालकांच्या ग्रुपवर.

हॉलचं डिपॉझिट परत घ्यायला मूळ पावती लागते, ती ऑफिसच्या फाइलमध्ये ठेवा, पर्समध्ये नको. आणि वही शाळेतच राहू द्या, कोणी आठवण म्हणून घरी नेऊ नका, त्याच्यात पट्ट्या लिहिल्यात, साउंडवाल्यांचा नंबर आहे, कोणाकडे समई आहे ते आहे, पुढच्या जुलैत ज्यांच्याकडे हे काम जाईल त्यांना पहिल्याच आठवड्यात ती लागणार.